संगमेश्वर : एका जुन्या राजधानीचे दर्शन आणि तिचे यजमान

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर आज मुंबई-गोवा महामार्गावरील एक पेठ आणि कोकण रेल्वेवरील एक स्थानक म्हणून ओळखले जात असले, तरी परंपरेने या गावाला एका राजाच्या राजधानीचा मान दिलेला आहे, आणि त्या मानाच्या खुणा पेठेपासून थोड्या अंतरावर असलेल्या कसबा या जुन्या वस्तीत काळ्या दगडांच्या मंदिरांच्या रूपाने अजून उभ्या आहेत. राजवाडा, तटबंदी, दरबार किंवा टांकसाळ यांपैकी दाखवण्याजोगे काही येथे उरलेले नाही. त्यामुळे नकाशा हाती घेऊन एकामागून एक स्थळ गाठण्याची जी रीत मोठ्या शहरांत चालते, ती येथे अपुरी पडते. कोणत्या देवळाचा कोणत्या घराण्याशी मान जोडलेला आहे, पालखी कोणत्या वाटेने जाते, कोणत्या पडक्या जोत्यावर पूर्वी कोणाचा वाडा होता, हे सारे गावातील माणसांच्या बोलण्यातच जतन झालेले आहे. संगमेश्वर पाहणे म्हणजे संगमेश्वरकरांचा पाहुणा होणे होय, आणि या भागातील पाहुणचाराची जुनी, नियमबद्ध परंपरा लक्षात घेतल्याशिवाय या स्थळाचे वर्णन पुरे होत नाही.

स्थान आणि वाटा

राजधानी कोठे वसते हे पुष्कळदा पाणी आणि घाट ठरवतात. सह्याद्रीत प्रचितगडाच्या परिसरात उगम पावणारी शास्त्री नदी पश्चिमेकडे वाहत जयगडजवळ समुद्राला मिळते. तिला संगमेश्वराच्या पेठेजवळ सोनवी नदी येऊन मिळते, तर कसब्याजवळ अलकनंदा आणि वरुणा या प्रवाहांचा संगम मानला जातो, आणि या संगमांवरूनच गावाला व तेथील शिवस्थानाला नाव मिळाले. जयगडच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते आत येत आणि खाडीच्या वरच्या अंगाला माल उतरवून तो बैलांच्या पाठीवरून घाटावर चढवला जाई. घाटावरून येणारा माल याच वाटेने उलट उतरे. घाटमाथा आणि समुद्र यांच्यामधील अशा बिंदूवर ज्याची सत्ता, त्याला जकात मिळे, वार्ता मिळे आणि संकटकाळी दोन्ही दिशांना निघून जाण्याची सोयही मिळे. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते वरपर्यंत येईनाशी झाली आणि व्यापाराचे केंद्र किनाऱ्याकडे सरकले. संगमेश्वराचे महत्त्व ओसरण्यामागे राजकीय उलथापालथींइतकाच हा गाळही कारणीभूत आहे.

आजच्या प्रवाशाला येथे पोहोचण्याचे तीन मार्ग सोयीचे पडतात. मुंबई किंवा गोव्याकडून येणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्ग 66 थेट पेठेत आणतो. कोल्हापूरकडून येणारे आंबा घाट उतरून साखरपा आणि देवरुखमार्गे येतात. तिसरा मार्ग रेल्वेचा. रोहा ते मंगळूरनजीकचे ठोकूर या सुमारे 760 किलोमीटरच्या कोकण रेल्वेवरून 26 जानेवारी 1998 पासून सलग वाहतूक सुरू झाली आणि 'संगमेश्वर रोड' हे स्थानक मुंबईतील चाकरमान्यांना घरी आणणारे दार झाले. चाकरमानी म्हणजे नोकरीधंद्यासाठी मुंबईत राहणारा, परंतु गणपती, शिमगा आणि मे महिन्यात गावाकडे परतणारा कोकणी माणूस. तालुक्याला नाव संगमेश्वराचे असले, तरी कारभाराची कचेरी देवरुख येथे आहे, ही गोष्ट बाहेरच्या प्रवाशाने आधीच ध्यानात ठेवलेली बरी.

कर्णाची नगरी : परंपरा आणि इतिहास

सह्याद्रिखंड हा कोकणातील क्षेत्रांचे माहात्म्य सांगणारा संस्कृत ग्रंथ असून, त्याच्या आधारे चालत आलेल्या परंपरेनुसार या स्थानाचे जुने नाव रामक्षेत्र होते आणि येथील आद्य देवालये परशुरामाने उभारली. याच परंपरेत पुढे असे सांगितले जाते की, सातव्या शतकात कर्ण नावाचा चालुक्य राजा कोल्हापूरकडून येथे आला, त्याने नगरी वसवून तिला आपली राजधानी केली, किल्ला, वाडे आणि मंदिरे बांधली, आणि त्याच्याच नावावरून कसब्यातील शिवमंदिराला कर्णेश्वर हे नाव पडले. ही कथा शब्दशः इतिहास म्हणून घेता येत नसली, तरी तिची पार्श्वभूमी निराधार नाही. बदामीच्या चालुक्यांपैकी दुसऱ्या पुलकेशीने कोकणातील मौर्य घराण्याचा पराभव केल्याचा उल्लेख इ. स. 634 च्या ऐहोळे शिलालेखात आहे, म्हणजे सातव्या शतकात चालुक्यांची सत्ता घाट उतरून कोकणात आली होती हे निश्चित. त्या सत्तेचा एखादा प्रतिनिधी नदीच्या या मोक्याच्या ठिकाणी राहिला असणे संभवनीय आहे, आणि लोकस्मृतीने त्याला राजपद व राजधानी बहाल केली असावी.

यानंतरच्या काळात संगमेश्वर पुन्हा पुन्हा इतिहासाच्या पानांवर येते. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सुलतानाचा सरदार खलफ हसन बसरी, ज्याला मलिक-उत्-तुज्जार म्हणजे 'व्यापाऱ्यांचा राजा' असा किताब होता, या मुलखावर चालून आला. फारसी बखरकारांच्या वृत्तांतानुसार शिर्के घराण्यातील राजाने वाट दाखवण्याचे आश्वासन देऊन त्याच्या सैन्याला खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, याच्या बाजूच्या दाट अरण्यात नेले आणि तेथे ते सैन्य कापून काढण्यात आले. त्याची भरपाई करण्यासाठी बहमनींचा प्रसिद्ध वजीर महमूद गावान याने 1469 पासून कोकणची मोहीम काढली आणि खेळणा व संगमेश्वर घेत 1472 मध्ये गोव्यापर्यंत धडक मारली. तो किल्ल्यांइतकाच पावसाशी आणि जंगलाशी झुंजत होता. वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात घोडदळाला हालचाल करता येत नसे, आणि वाटाड्याशिवाय वाटही सापडत नसे. स्थानिक माणसाची सोबत ही या भागात केव्हाही शोभेची बाब नव्हती, हे या दोन मोहिमांवरून स्पष्ट होते.

राजधानीपण येते आणि जाते, याची उदाहरणे जगभर आहेत. दक्षिण अमेरिकेत इंका साम्राज्याची राजधानी डोंगरांतील कुस्को येथे होती. स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिझारोने 1535 मध्ये समुद्राजवळ लिमा शहर वसवले, कारण नव्या सत्तेला जहाजांशी संपर्क हवा होता. ब्राझीलमध्ये 1549 मध्ये वसलेले साल्वादोर 1763 पर्यंत राजधानी होते, त्यानंतर हा मान रिओ द जानेरोला मिळाला, आणि 1960 मध्ये तो मुद्दाम आखून बांधलेल्या ब्राझिलियाकडे गेला. साल्वादोर किंवा कुस्को पाहणाऱ्याला सत्तेची इमारत रिकामी झालेली दिसते, पण मागे राहिलेल्या लोकांचे सण, स्वयंपाक आणि देवस्थाने त्या शहरांना जिवंत ठेवतात. संगमेश्वर आकाराने या शहरांच्या पंक्तीत बसणारे नाही. तरीही सत्ता निघून गेल्यावर गावाने काय राखले, हा प्रश्न येथेही तितकाच महत्त्वाचा आहे.

कर्णेश्वर

कसब्यात शिरताना प्रथम नजरेत भरतो तो दगडांमधला फरक. या भागातील घरे, गडगे आणि विहिरी जांभ्याच्या आहेत. जांभा म्हणजे मूळ काळा खडक उष्ण व दमट हवेत लाखो वर्षे कुजून तयार झालेला, लोहाच्या अंशामुळे तांबडा दिसणारा सच्छिद्र दगड, ज्याचे चिरे जमिनीतून कापून काढतात. तो कापायला मऊ आणि हवेवर कठीण होणारा असल्याने घरासाठी उत्तम, पण नाजूक कोरीव कामाला निरुपयोगी. कर्णेश्वराचे मंदिर मात्र घट्ट कणांच्या काळ्या पाषाणाचे आहे आणि त्यामुळेच त्यावरील नक्षी शतकानुशतके पावसाचा मारा सोसूनही ओळखता येते. तांबड्या मातीच्या आणि हिरव्या रायवळ आंब्यांच्या मध्ये हे काळे मंदिर उभे पाहिले म्हणजे, ते बांधणाऱ्याने साधनांचा केवढा संचय केला असेल याची कल्पना येते.

स्थानिक लोक या बांधणीला हेमाडपंती म्हणतात. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री हेमाद्री याच्या नावावरून पडलेली ही संज्ञा, चुन्याचा वापर न करता दगडांना खाचा आणि कुसवे पाडून ते एकमेकांत बसवण्याच्या पद्धतीसाठी महाराष्ट्रात सर्रास वापरली जाते, जरी ही पद्धत हेमाद्रीच्या पुष्कळ आधीपासून चालत आलेली होती. वास्तूच्या शैलीवरून आजचे मंदिर सातव्या शतकाइतके प्राचीन मानता येत नाही. अकराव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान ते उभे राहिले असावे, असा अभ्यासकांचा कल आहे. त्या काळी घाटमाथ्यावर कोल्हापूरचे शिलाहार राज्य करीत होते, आणि कोल्हापूरकडून राजा आला या परंपरेत त्या संबंधाची आठवण मिसळली असण्याची शक्यता आहे.

मंदिर पाहताना त्याचे भाग क्रमाने समजून घेतले तर कोरीव काम नुसते दाट वाटत नाही, त्याची योजना दिसू लागते. सर्वांत आत गर्भगृह, म्हणजे देवाची अंधारी खोली, जेथे शिवलिंग आहे. त्याच्या पुढे अंतराळ, म्हणजे गर्भगृह आणि सभामंडप यांना जोडणारी अरुंद जागा. त्यानंतर खांबांवर तोललेला मंडप, जेथे भक्त जमतात आणि जेथे पूर्वी नृत्य-गायनाची सेवा होत असावी. बाहेरच्या भिंती सरळ न ठेवता कोपऱ्यामागून कोपरे काढून त्यांना ताऱ्यासारखी घडी दिलेली असल्याने उन्हाची तिरीप पडली की भिंतीवर उजेड आणि सावली यांचे उभे पट्टे उमटतात, आणि त्यामुळे वास्तू प्रत्यक्षापेक्षा उंच भासते. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर हे मंदिर पाहण्याचा सल्ला गावकरी देतात, त्यामागे हेच कारण आहे.

कर्णेश्वराखेरीज कसब्यात संगमाच्या काठाने आणि झाडीत लहानमोठी कितीतरी देवळे विखुरलेली आहेत. काहींचे फक्त जोते उरले आहे, काहींवर वडाच्या मुळ्यांनी पकड घेतली आहे, तर काहींत अजून रोज दिवा लागतो. गावाबाहेरच्या माणसाला यातील निम्मी देवळे सापडणारही नाहीत. जवळच्या घरातून कोणी तरी पायवाट दाखवायला सहज निघते, वाटेतली काटेरी फांदी बाजूला धरते आणि ओळखीच्या वास्तूत शिरावे तितक्या मोकळेपणाने आत नेते. कसब्यात हिंदूंबरोबर मुसलमानांचीही जुनी वस्ती आहे, आणि देवळाचा रस्ता विचारणाऱ्याला तो मशिदीजवळच्या ओट्यावर बसलेला वृद्धही तितक्याच तपशिलाने सांगतो, कारण गावाची भूगोलविद्या सर्वांच्या सामाईक मालकीची आहे.

1661 आणि 1689

मराठ्यांच्या इतिहासात संगमेश्वराचे नाव दोन प्रसंगांनी कायमचे कोरले गेले. पहिला प्रसंग 1661 चा. शिवाजी महाराज दक्षिण कोकणात उतरले असताना त्यांनी संगमेश्वरी तानाजी मालुसरे आणि पिलाजी नीळकंठराव यांना सैन्यासह ठेवले होते. शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्वे यांनी आदिलशाहीच्या बाजूने त्यांच्यावर रात्री अचानक हल्ला केला, तेव्हा गडबडून निघालेल्या पिलाजीला तानाजीने दगडाला बांधून ठेवले आणि स्वतः लढून हल्ला परतवला, असे वर्णन कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या समकालीन संस्कृत काव्यात आहे. सिंहगडाच्या लढाईपूर्वीचा तानाजी ज्यांना पाहायचा आहे, त्यांच्यासाठी संगमेश्वराचा हा नदीकाठ महत्त्वाचा आहे. त्यानंतर महाराजांनी शृंगारपूर घेतले आणि सुर्व्यांच्या छोट्या राज्याची ती राजधानी स्वराज्यात सामील झाली.

दुसरा प्रसंग 1 फेब्रुवारी 1689 चा, आणि तो गावाच्या स्मृतीत आजही दुःखाचा आहे. छत्रपती संभाजी महाराज खेळण्याच्या बाजूने येऊन रायगडाकडे जाण्याच्या मार्गावर संगमेश्वरी थांबले होते. हा मुक्काम का लांबला याविषयी साधनांत एकमत नाही. कोणी येथील तंटे-निवाड्यांचे कारण देतात, कोणी धार्मिक अनुष्ठानाचे. औरंगजेबाचा सरदार शेख निजाम, ज्याला मुकर्रबखान हा किताब होता, कोल्हापूरच्या बाजूस होता. त्याने निवडक स्वारांनिशी सह्याद्री ओलांडून अकस्मात छापा घातला. त्याचा मुलगा इखलासखान या चढाईत पुढे होता. झालेल्या चकमकीत सेनापती संताजी घोरपडे यांचे वडील म्हाळोजी घोरपडे धारातीर्थी पडले, आणि महाराज व त्यांचे विश्वासू सल्लागार कवी कलश शत्रूच्या हाती सापडले. तेथून त्यांना बहादूरगडाकडे नेण्यात आले आणि 11 मार्च 1689 रोजी भीमा-इंद्रायणीच्या परिसरात, वढू-तुळापूर येथे, त्यांची क्रूर हत्या करण्यात आली.

हा छापा कसा यशस्वी झाला, याची चर्चा तीनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि फितुरीचे आरोप अनेकांवर केले गेले आहेत. स्थळ पाहणाऱ्याला मात्र एक गोष्ट डोळ्यांनी कळते. कसबा चारी बाजूंनी डोंगर, नदी आणि झाडी यांनी वेढलेला आहे. हा वेढा सामान्यतः संरक्षण देतो, पण वाटा जाणणारा शत्रू एकदा आत आला की बाहेर पडण्याच्या जागाही तोच वेढा कमी करतो. महाराजांचा मुक्काम कसब्यातील सरदेसाईंच्या वाड्यात होता, अशी परंपरा आहे, आणि त्या जागेचे अवशेष गावकरी आदराने दाखवतात. येथे महाराजांचा पुतळा उभारलेला आहे, आणि 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात संगमेश्वरी भव्य स्मारक उभारण्याची घोषणा झाल्यापासून येथे येणाऱ्यांची संख्या वाढली आहे.

शृंगारपूर आणि प्रचितगड

एकाच तालुक्यात दोन जुन्या राजधान्या असणे हे विशेष आहे, आणि संगमेश्वर पाहणाऱ्याने शृंगारपूर वगळू नये. सह्याद्रीच्या भिंतीला अगदी टेकलेले हे गाव सुर्वे आणि शिर्के या घराण्यांशी जोडलेले आहे. संभाजी महाराजांच्या पत्नी महाराणी येसूबाई या पिलाजी शिर्के यांच्या कन्या होत. शिवाजी महाराज 1676-77 मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले असताना संभाजी महाराजांचा मुक्काम शृंगारपुरी होता. बुधभूषण हा राजनीतीविषयक संस्कृत ग्रंथ, तसेच नायिकाभेद, नखशिख आणि सातसतक या ब्रज भाषेतील रचना त्यांच्या नावावर आहेत, आणि या साहित्यसाधनेचा काही काळ शृंगारपूरच्या शांततेत गेला असे मानले जाते. ज्या नदीखोऱ्यात त्यांनी विद्वानांच्या सहवासात दिवस काढले, त्याच खोऱ्यात खाली त्यांना कैद व्हावे लागले. हे अंतर नकाशावर थोडे असले, तरी ते ओलांडताना इतिहासाचा भार जाणवतो.

गावाच्या माथ्यावर प्रचितगड हा किल्ला आहे. चढाई खडी आहे, शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी लावलेली आहे, आणि माथ्यापलीकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य सुरू होते. पावसाळ्यात ही वाट टाळावी आणि इतर ऋतूंतही गावातला माणूस बरोबर घ्यावा, हा नियम पाळणे आवश्यक आहे. शृंगारपूरकर वाटाड्या म्हणून येतात, तेव्हा पाण्याची टाकी कोठे आहेत, कोणते फळ खाण्याजोगे आहे, ढग कोणत्या बाजूने आले तर परतायचे, हे सर्व ते चालता चालता सांगतात. या ज्ञानाचा मोबदला रोख आणि सन्मानाने द्यावा, कारण आदरातिथ्याचा अर्थ फुकट श्रम असा नाही.

मार्लेश्वर : देवाच्या लग्नाचे निमंत्रण

तालुक्यातील यजमानपणाचे सर्वांत ठळक दर्शन मारळ गावाजवळच्या मार्लेश्वरी घडते. सह्याद्रीच्या कड्यात असलेल्या या गुहेपर्यंत काही शे पायऱ्या चढून जावे लागते. समयांच्या मंद प्रकाशात शिवलिंगाचे दर्शन होते, आणि गुहेच्या कपारींत साप वावरत असूनही ते भाविकांना त्रास देत नाहीत, अशी श्रद्धा आहे. शेजारीच धारेश्वर धबधबा कोसळतो आणि त्याचे पाणी बाव नदीला मिळते.

दर मकरसंक्रांतीला येथे मार्लेश्वराचा विवाह साखरप्याच्या गिरिजादेवीशी लावला जातो. वर देवाची पालखी आंगवली गावातून येते, वधूची साखरप्यातून, आणि देवरुखच्या व्याडेश्वराची पालखी यजमान म्हणून उपस्थित राहते. मागणी घालण्यापासून मंगलाष्टकांपर्यंतचे विधी घरच्या लग्नाप्रमाणे पार पडतात, आणि ते लिंगायत पद्धतीने होतात. लिंगायत म्हणजे बाराव्या शतकातील बसवेश्वरांना मानणारा, अंगावर इष्टलिंग धारण करणारा शैव संप्रदाय. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये बसवेश्वर काही काळ संगमेश्वरी राहिल्याची परंपरा नोंदवलेली आहे. अभ्यासक मात्र त्यांचे संगमस्थान कर्नाटकातील कृष्णा-मलप्रभेच्या काठचे कूडलसंगम हेच मानतात. ही परंपरा इतिहास म्हणून टिकत नसली, तरी घाटापलीकडच्या मुलखाशी या भागाचे धार्मिक नाते किती जुने आहे, हे तिच्यामुळे लक्षात येते.

या सोहळ्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. एक गाव वरपक्ष, दुसरे वधूपक्ष आणि तिसरे यजमान होते, म्हणजे एरवी बाजारहाटापुरता संबंध येणारी गावे या दिवशी सोयरी होतात. बाहेरून आलेला भाविकही या रचनेत परका राहत नाही, तो वऱ्हाडी ठरतो आणि त्याला वऱ्हाड्याप्रमाणेच वागवले जाते.

घरचा पाहुणचार

या भागातील घराची मांडणीच पाहुण्याला विचारात घेऊन केलेली असते. घरापुढे शेणाने सारवलेले खळे, म्हणजे अंगण, जेथे भात झोडतात आणि लग्नाचा मांडवही पडतो. त्यामागे पडवी किंवा ओटी, जेथे अनोळखी माणसालाही बसायला सांगितले जाते. आत माजघर, जेथे ओळख वाढल्यावर प्रवेश मिळतो, आणि शेवटी स्वयंपाकघर व देवघर. खळ्यापासून माजघरापर्यंतचा प्रवास म्हणजे ओळखीच्या पायऱ्या आहेत, आणि शहाणा पाहुणा त्या स्वतःहून ओलांडत नाही. उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी किंवा कोकमाचे सरबत दिले जाते, मग 'खंयचे?' किंवा 'कुठले तुम्ही?' असा प्रश्न येतो. गाव सांगितले की त्या गावातील एखाद्या नातेवाइकाचा शोध सुरू होतो, आणि बहुधा तो सापडतोच.

जेवणात तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, सोलकढी आणि ऋतूप्रमाणे आंब्या-फणसाच्या पोळ्या असतात. न्याहारीला घावणे किंवा आंबोळी. खाडीकाठच्या घरांतून कोळंबी आणि तिसऱ्या मिळतात, तर कोकणी मुसलमान घरांतील तांदळाच्या भाकऱ्या, नारळाचे कालवण आणि गोड सांदण यांत या किनाऱ्याची एकच पाककला वेगळ्या हाताने पुढे आलेली दिसते. संपन्नता फार नसताना हे सारे पाहुण्यापुढे ठेवले जाते, याची जाणीव पाहुण्याने ठेवली पाहिजे. कोकणातील शेती पावसावरची, जमिनीचे तुकडे लहान, आणि घरातील तरुण मुंबईत. तरीही पाहुण्याचे ताट वेगळे काढण्याची रीत मोडलेली नाही.

या उदारतेचे एक कारण स्थलांतरात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसे तेथे गेली आणि गिरणगावातील खोल्यांत गावकीने एकत्र राहिली. एकाच खोलीत एका गावचे अनेक जण पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. नव्याने आलेल्या तरुणाला नोकरी लागेपर्यंत गावची खोली सांभाळून घेई. परक्या शहरात ज्यांना कोणी तरी निवारा दिला, त्यांनी आपल्या दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचे नाही, हा धडा घरोघरी जपला गेला. देवरुखमध्ये इंदिराबाई हळबे यांनी 1954 मध्ये सुरू केलेले मातृमंदिर हे याच वृत्तीचे संस्थात्मक रूप म्हणता येईल. बाळंतिणींच्या सेवेपासून निराधार मुलांच्या संगोपनापर्यंत त्या कामाचा विस्तार झाला, आणि अनेकांसाठी ती वास्तू हक्काचे माहेर ठरली.

शिमगा आणि बोली

ज्याला संगमेश्वर एकाच भेटीत समजून घ्यायचे आहे, त्याने फाल्गुनातील शिमग्याचा काळ निवडावा. होळी पेटल्यानंतर ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि ठरलेल्या क्रमाने घरोघरी जाते. एरवी भक्त देवाकडे जातात, या दिवसांत देव भक्ताचा पाहुणा होतो. पालखी खळ्यात आली की घरातील बाई ओटी भरते, आणि गावकार किंवा गुरव देवाला गाऱ्हाणे घालतो. गाऱ्हाणे म्हणजे घराच्या अडचणी आणि मागण्या देवापुढे मोठ्याने मांडण्याची पद्धत. त्यात आजारपण, मुलीचे लग्न, मुंबईतील मुलाची नोकरी सर्व काही येते, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' असा हुंकार देतात.

याच दिवसांत नमन-खेळ्यांचे मेळे फिरतात. नमन हा गण, गवळण, संकासुर आणि वगनाट्य असे भाग असलेला कोकणी लोकनाट्यप्रकार आहे. पावसाळ्यात, गणपतीच्या सुमारास, जाखडी किंवा बाल्या नाच रंगतो. त्यातील शक्तिवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष सृष्टीचे मूळ प्रकृती की पुरुष यावर काव्यातून सवाल-जवाब करतात. हे सर्व प्रयोग संगमेश्वरी बोलीत ऐकायला मिळतात. या बोलीचे हेल आणि नेमकेपणा आता रंगमंचावरही गाजू लागले आहेत. प्रेक्षकांत पाहुणा असेल तर त्याला पुढे बसवतात, त्याच्या गावाचे नाव घेऊन एखादी कोपरखळीही मारतात, आणि ती मारली गेली की तो गावाने स्वीकारला असे समजावे.

पाहुण्याचे कर्तव्य

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्याच्या दृष्टीने सोयीचा आहे. किमान दोन दिवस हाती असले तर पहिला दिवस कसबा आणि पेठ यांना देता येतो, दुसऱ्या दिवशी शृंगारपूर किंवा मार्लेश्वर करता येते, आणि महामार्गालगतच्या तुरळ, राजवाडी किंवा आरवली येथील उन्हाळ्यांवर, म्हणजे जमिनीतून नैसर्गिकरीत्या उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर, थकवा उतरवता येतो. कर्णेश्वरात पूजेच्या वेळी छायाचित्रे घेऊ नयेत, पडक्या देवळांतील शिल्पे हलवू नयेत, आणि सरदेसाईंच्या वाड्याच्या जागेवर सहलीचा गोंगाट करू नये, कारण गावासाठी ती शोकाची जागा आहे.

रुंद झालेला महामार्ग आणि होऊ घातलेले स्मारक यांमुळे संगमेश्वरी येणाऱ्यांची संख्या येत्या काळात वाढतच जाईल. त्यातील बहुतेक प्रवासी पुतळ्यापुढे अर्धा तास थांबून पुढे गेले, तर गावाला त्याचा लाभ थोडा आणि त्रास अधिक होईल. हेच प्रवासी गावात मुक्काम करून, घरगुती खानावळीत जेवून आणि वाटाड्याला त्याचा मोबदला देऊन देवळे पाहू लागले, तर झाडीत हरवलेल्या वास्तूंच्या देखभालीला पैसा आणि माणसे दोन्ही मिळू शकतील, आणि मुंबईची वाट धरणाऱ्या तरुणांपैकी काहींना गावातच काम सापडेल. कर्णाच्या नावाने सांगितली जाणारी राजधानी, सुर्व्यांचे शृंगारपूर आणि संभाजी महाराजांचा अखेरचा मोकळा मुक्काम, या तिन्हींची आठवण आजवर राखली ती येथील घरांनी. स्मारकाची आखणी करताना त्या घरांना यजमानाचे स्थान दिले गेले पाहिजे, आणि येणाऱ्या प्रत्येकाने पाहुणा या नात्याची जबाबदारी उचलली पाहिजे.